प्रार्थनेत ठेवलेलं स्थळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, चर्चच्या पाळकांना नाही. देवाला सांगायची गरज नव्हती, तो तिथेच होता. मग तुम्हालाच का सांगते? तुम्ही आमच्या मंडळीतले नाही, म्हणून असेल.

आमचं घर नांदुऱ्याचं, ख्रिस्ती. आमच्यात एक रीत आहे — घरात काही मोठं ठरवायचं झालं की लगेच हो-नाही करायचं नाही. विषय 'प्रार्थनेत ठेवायचा'. उपास करायचा, ज्यानं त्यानं एकांतात देवाला विचारायचं, आणि त्यानं मनात जे घातलं ते सगळ्यांपुढे सांगायचं. आपली मर्जी खाली, त्याची वर. मी महिला सभेत हेच शिकवते. चांगलं शिकवते म्हणतात.

शीला माझी नणंद. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हापासून त्यांचं सगळं तीच करायची — अंग पुसणं, कूस बदलणं, शौचाचं भांडं देणं. मी शाळेत शिकवायला जायची. परत आले की ताट वाढलेलं असायचं. अशात तिला दुसरबीडचं स्थळ आलं. रस्त्यालगत गाड्या दुरुस्तीचं दुकान, माणूस साधा, प्रार्थनेचा. तो पाहायला आला तेव्हा शीला माझी निळी साडी नेसली होती. त्याला दुसऱ्यांदा पोहे वाढताना ती हसली — तसं हसताना मी तिला आधी पाहिलं नव्हतं. तिला तो आवडला होता. ते मला कळलं होतं, हे मुद्दाम सांगते.

विषय प्रार्थनेत ठेवला. शीलानं उपास केला. आमच्या ह्यांनीही केला आणि म्हणाले, "मले तं काही उमजून नाही राह्यलं. तुले प्रभू काय सांगते ते पाहू."

मी खोलीचं दार लावलं, गुडघे टेकले. आणि काय केलं? भांडं कोण देणार, याचा विचार केला. शाळा सोडावी लागेल का, याचा केला. बराच वेळ बसले. पण विचारलं नाही. विसरले असं नव्हे — विचारलंच नाही. विचारलं असतं तर तो 'जाऊ दे तिला' म्हणाला असता, ही भीती होती. मग ऐकावं लागलं असतं.

बाहेर येऊन म्हणाले, "प्रभू नको म्हणतो." आवाज जरासुद्धा हलला नाही.

शीला म्हणाली, "त्याची मर्जी नसन तं मले बी नाही पायजे, वयनी." दुसऱ्या दिवशी तिनं साडी धुतली, इस्त्री केली आणि माझ्या कपाटात ठेवली.

सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. त्या गेल्या तोवर शीलाला स्थळं येणं थांबलं होतं. मी शाळेतून पूर्ण नोकरी करून निवृत्त झाले. महिला सभेत बायकांचे आज्ञाभंग मला बरोबर दिसतात — आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून. प्रभुभोजनाआधी पाळक म्हणतात, स्वतःला पारखा, मनात पाप लपवून भाकर घेऊ नका. मी डोळे मिटते आणि भाकर घेते. न घेतली तर शेजारच्या बाया विचारतील ना?

मागे एका रविवारी शीला चर्चमध्ये साक्ष द्यायला, देवाचा आपला अनुभव सांगायला, उभी राहिली. म्हणाली, "मले लगन करायचं व्हतं. पण देव वयनीच्या तोंडून बोलला, अन् म्या आयकलं. मले पस्तावा नाही." सगळे 'आमेन' म्हणाले. मीही म्हणाले — मोठ्यानं.

आमच्या घरात देवाचं ऐकणारी ती एकटीच होती. तिला मी त्याच्या नावानं माझं ऐकायला लावलं. याला दुसरं नाव नाही.

काल ती ओट्याशी भाकरी थापत होती. रविवारी लेकरांना शिकवायला मंडळीनं तिला बोलावलंय. जावं का, म्हणाली. "तुमी प्रार्थनेत ठेवा, वयनी. तुमाले तो सांगते."

मी 'ठेवते' म्हणाले. अजून ठेवलेलं नाही.