तांब्याच्या नळीतला क्षार

गच्चीवर प्लंबरने पाणी तापवायच्या सोलरच्या सपाट पॅनेलमधली तांब्याची नळी कापून उलटी धरली, तर आतून पांढऱ्या खपल्या पडल्या. सगळा बोअरच्या पाण्याचा क्षार. काडी जाईल एवढीही वाट उरली नव्हती. माझं डोकंच तापलं.

पॅनेल विकायला आलेल्या माणसाला आईने तेव्हाच विचारलं होतं, "भाऊ, आमच्या पातेल्याला आठ दिवसांत पांढरं धरतं. या बारीक नळीत नाही का धरणार?"

तो छापील माहितीपत्रक माझ्या हातात देत हसला. "सर, दुसऱ्या प्रकारात काचेच्या नळ्या असतात, त्या फुटतात. तांबं आयुष्यभर टिकतं."

आणि मी, घराण्यातला पहिला पदवीधर, आईला म्हणालो, "तुला यातलं कळत नाही, गप्प बस."

शिक्षणाचा मला अभिमान होता, आजही आहे. पण छापील कागदावर विश्वास ठेवायचा आणि रोज भांडी घासणाऱ्या हातावर नाही, हे मला कुठल्या कॉलेजने शिकवलं? त्या माणसाने लबाडी केली ती पोटासाठी. मी तिला गप्प केलं ते कशासाठी? त्याच्यासमोर शहाणा दिसायला! त्याच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

प्लंबरने हात पुसले. "साहेब, आता कुठला बसवू?"

"मला नका विचारू." मी कठड्याशी उभ्या असलेल्या आईकडे बोट दाखवलं. "तिला विचारा."

"काचेच्या नळीत ब्रश जातो का रे?" आईने विचारलं.

"जातो की, मावशी."

"मग काचेचाच बसव. एखादी फुटली तर तेवढी बदलू." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू तोंड पाडून उभा राहू नकोस. खाली जा, चहा टाक."