तांदळाचं धुवण

अप्पा तळपद्यांच्या हाताला यश नाही, हे ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. विहिरीमागच्या खाटेएवढ्या जागेत त्यांनी मेथी लावली, वांगी लावली, एकदा अबोलीसुद्धा. सगळं पिवळं पडून गेलं. त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई दर वेळी एकच वाक्य बोलायच्या, "तुमच्या हाताला काही उगवायचं नाही." दोघांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ते वाक्य ऐकणाऱ्यालाही टोचायचं. अप्पा टोपी चढवून कचेरीत निघून जायचे.

पंचावन्नच्या दिवाळीआधी त्यांनी कोंब आलेले बटाटे डोळे राखून कापले, राख लावून पुरले. "एका तरी एकादशीला तुला घरचे बटाटे खायला घालतो," असं त्यांनी बायकोला सांगून टाकलं. आणि रोपं चक्क वाढली! राजलक्ष्मीबाई शेजारणींना हाताला धरून नेऊन वाफा दाखवू लागल्या. बाई हरखल्या होत्या, पण कबूल करायच्या नाहीत.

जानेवारीत पानं पिवळी पडू लागली. अप्पा म्हणाले, "आता पाणी बंद. पानं वाळू देत, खाली बटाटा तयार होतोय." मग ते प्रभादेवीला बहिणीकडे गेले, आणि मुंबईच्या प्रश्नावरून शहर पेटलं. गोळीबार झाला, संचारबंदी लागली, बसगाड्या बंद. अप्पा तिकडेच अडकले.

इकडे राजलक्ष्मीबाई रोज ती पानं बघत होत्या. अशी पानं त्यांनी जन्मभर पाहिली होती आणि त्यापुढे काय होतं तेही. नवऱ्याचं एकुलतं एक धड लागलेलं पीक डोळ्यांदेखत मरतंय, हे त्यांना बघवेना. बाजार बंद, घरोघरी नुसता भात शिजत होता. त्यांनी घरचं धुवण वाफ्याला घातलं, मग शेजारच्या कालिंदीकडून मागून आणलं, मग वाडीभरातून. तांदळाचं धुवण झाडाला अंगी लागतं, यावर आमच्या वाडीत दुमत नव्हतं. बायका स्वतःहून पातेली घेऊन यायच्या.

अप्पा परतले तेव्हा वाफ्यात चिखल होता.

"जगवली बघा तुमची बाग!" राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "सगळ्या वाडीचं धुवण घातलंय."

अप्पांनी मातीत हात घातला. बोटं बटाट्यात रुतली. त्यांनी हात बाहेर काढलाच नाही.

"तू जरा चहा टाक," ते म्हणाले.

त्या आत गेल्यावर त्यांनी एकट्याने वाफा उकरला. कुजलेले बटाटे भिंतीलगत खड्ड्यात पुरले आणि कडेच्या कोरड्या मातीतले पाच-सहा धुऊन घरात नेले. हे मी गॅलरीतून पाहिलं.

"एवढेच?" राजलक्ष्मीबाईंनी विचारलं.

"एवढेच लागले. तू म्हणतेस ते खोटं नाही. माझ्या हाताला नाहीच उगवत."

एकादशीला जिरं-मिरची घालून भाजी झाली. बाईंनी ती आधी अप्पांच्या ताटलीत वाढली. कुजक्या बटाट्याचा वास लपत नाही, आणि बाई तर रोज विहिरीवर जायच्या. कोण काय बोललं ते आम्हाला कळलं नाही. पण ते वाक्य मात्र पुन्हा कुणाच्या कानावर आलं नाही.

पुढच्या दिवाळीत अप्पांनी पुन्हा बटाटे लावले. राजलक्ष्मीबाई रोज तांदूळ धुवायच्या आणि धुवण घराच्या मोरीत ओतायच्या.