हाक ऐकू येईल अशी मशीन

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. पाल दिसली की मी पलंगावर चढते आणि गॅसचं सिलिंडर बदलायला शेजारणीला बोलावते. अशा बाईवर गवत कापायची मशीन निवडायची वेळ यावी म्हणजे अतीच झालं. पण आली खरी.

आमचं घर नालासोपाऱ्याजवळ, गास गावात. भाताची थोडी जमीन, दारात नारळ, आणि खाडीच्या बाजूला एक लांबट तुकडा. तिथे खाऱ्या पाण्यामुळे भात धड होत नाही, गवत मात्र माजतं. दसरा झाला की ते छातीपर्यंत येतं आणि पिवळं पडू लागतं. तेवढ्या दिवसांत ते कापून, वाळवून उडवी, म्हणजे गंज, रचली, की आमची एक म्हैस आणि एक गाय पुढच्या पावसापर्यंत खातात. नाहीतर चारा विकत आणा, आणि तो परवडत नाही म्हणून मग म्हैस विका. म्हैस विकायचा विषय काढला की सासूबाई जेवायच्या थांबतात, म्हणून आमच्याकडे तो विषय निघत नाही.

सासूबाईंना मी आई म्हणते. मी वसईत फ्लॅटमध्ये वाढलेली, वडील नोकरीवाले. विळा कसा धरायचा तेही मला आईंनी शिकवलं, लग्नाला वर्ष झालं तेव्हा. पहिल्या दिवशी मी विचारलं, "गवतात साप असतात का?" त्या म्हणाल्या, "असतात की. ते कुठं जातील?" बास, एवढंच. मला वाटलं होतं, दोन शब्द धीराचे बोलतील.

आमच्याकडे गवत उकिडवं बसून कापतात. बसलं की माणूस बुडतं, डोकंसुद्धा दिसत नाही. म्हणून एक जुनी रीत आहे. दोघी असल्या तर दोन टोकांना बसायचं, एक पट्टा जाताना, एक परत येताना असं कापत कापत एकमेकींकडे सरकायचं आणि मधे भेटायचं. येताना थोड्या थोड्या वेळानं हाक मारायची. दुसरीनं ओ द्यायची. ओ जवळून आली की विळा आवरता घ्यायचा. ओ आलीच नाही तर काम टाकून उठायचं आणि बघायला जायचं, कारण मग काहीतरी झालेलं असतं. साप, भोवळ, काहीही. मला ही रीत फार आवडायची. गवताच्या आत एकटं बसलं की मला प्रत्येक सळसळ सापाची वाटायची, आणि आईंची लांबलचक "ओऽ" आली की थोडा वेळ वाऱ्याची.

पूर्वी मदतीला पाड्यावरच्या चार बायका यायच्या. आता त्या कामणच्या गोदामांत खोकी बांधायला जातात. डोक्यावर छप्पर, वर पंखा, महिन्याचा पगार. मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते. नवऱ्याची कंबर दोन वर्षांपूर्वी धरली. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलं, आणि ते त्यानं फारच मनापासून पाळलं. राहिलो मी आणि सत्तरी ओलांडलेल्या आई. गेल्या वर्षी आम्ही दोघींनी निम्मंच गवत कापलं, उरलेलं उभ्या उभ्या वाळून गेलं.

म्हणून यंदा मशीन. नवऱ्यानं मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले आणि म्हणाला, "तूच चालवणार, तूच बघ." मी बघायला लागले.

पहिल्यांदा गेले कळंबला. तिथल्या एका कॉटेजचा माळी ओळखीचा होता आणि त्याच्याकडे हिरवळ कापायची मशीन होती. तिला पात्याऐवजी नायलॉनची दोरी असते. मी म्हटलं, दोरी म्हणजे बरी, दोरीनं काय होणार? त्यानं ती चालू केली. दोन मिनिटांत एक खडा उडाला आणि माझ्या कानाजवळून जाऊन मागच्या खिडकीच्या काचेवर टण्णकन आपटला. माळी म्हणाला, "होतं असं कधी कधी, ताई." मी तिथेच पायरीवर बसले. वर तो असंही म्हणाला, की छातीएवढ्या जाड गवताला ही चालणार नाही, दोरी गुंडाळून बसते, तुम्हाला पातंच लागेल.

मग नालासोपाऱ्यातलं एक दुकान गाठलं. दुकानदार चांगला होता, फक्त बोलायचा फार. हातानं धरून पुढे ढकलायची कापणी मशीन होती, ती आमच्या ऐपतीबाहेर, आणि आमच्या तुकड्यात खाचखळगे इतके, की ती पहिल्याच दिवशी उलटली असती. उरली दांड्याची मशीन. एक पाठीला बांधायची, एक खांद्याला लटकवायची. पाठीवरची वजनाला बरी, पण मला ती आग पाठीवर घेऊन चालल्यासारखी वाटली. पेट्रोलची टाकी अगदी मणक्याला टेकते. पडले तर काय, हा प्रश्न मी तीनदा विचारला. चौथ्यांदा विचारल्यावर त्यानं खांद्याचीच पुढे केली. टोकाला लोखंडी पातं, तीन दातांचं. मी म्हटलं, "दांड्यावरचा हा दट्ट्या सोडला की पातं लगेच थांबतं ना?" तो म्हणाला, "लगेच नाही. थोडं फिरतं. तेवढं सांभाळायचं."

तेवढं सांभाळायचं, हे मी घरी येईपर्यंत मनात म्हणत होते. त्यानं मशीन दोन दिवस वापरून बघायला दिली होती. पटली तर ठेवा, नाहीतर परत आणा. सोबत जाड चष्मा आणि कानावर घालायचे मोठे टोप दिले. "कानाचे काढू नका हां," तो म्हणाला, "नाहीतर बहिऱ्या व्हाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा ऑफिसला गेला आणि आम्ही दोघी तुकड्यावर गेलो. मी आईंना म्हटलं, "तुम्ही बांधावर बसा." त्यांनी मान हलवली. मशीन चालू व्हायला मला सात झटके लागले. सुरू झाली तेव्हा इतकी थरथरली, की माझे दातसुद्धा वाजायला लागले. ते मशीननं की भीतीनं, देव जाणे. पहिल्या पट्ट्यात मी नुसती देवाचं नाव घेत होते. दुसऱ्यात जरा सवय झाली. गवत आडवं पडत होतं, भराभर, सकाळभराचं काम पाऊण तासात. कानावरच्या टोपांमुळे सगळं लांबून येत होतं. मागे वळून पाहिलं, बांधावर आई नव्हत्या. वाटलं, चहा टाकायला घरी गेल्या. खोटं का बोलू, त्या क्षणी मला स्वतःचा थोडा अभिमानसुद्धा वाटत होता.

मधोमध आले असेन. पातं डावीकडून उजवीकडे फिरवलं आणि ते एकदम हलकं झालं. कापायला काही लागलंच नाही. मी खाली पाहिलं. समोर बुडखे होते, वीतभर उंचीचे, ताजे आणि तिरपे कापलेले. बाजूला गवताची मूठ मांडून ठेवलेली. विळ्यानं कापलेलं गवत. ते कुणाचं, हे अजून डोक्यात शिरलं नव्हतं. त्याच्या पलीकडचं गवत हललं आणि त्यात पांढरे केस दिसले.

मी दट्ट्या सोडला. पातं थांबेना. फिरतच राहिलं, फिरतच राहिलं. मला दांडा वर उचलायचंही सुचेना. मी फक्त मागे रेटत गेले आणि धपकन बसले, मशीन अंगावर घेऊन. पातं थांबलं तेव्हा ते आणि परतीच्या पट्ट्याला लागलेल्या आईंची पाठ यांच्यात एक हात अंतर असेल. मी नंतर मोजून पाहिलं नाही, पण एक हातच होतं.

आई वळल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, पडलीस कशी?"

मी कानावरचे टोप काढले आणि रडायला लागले. त्या उठून आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू त्या टोकाला लागलीस, म्हनून मी या टोकाला बसले," त्या म्हणाल्या. खरंच होतं. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. कुणी एका टोकानं सुरू केलं, की आपण दुसऱ्या टोकाला बसायचं. त्यांनी मान हलवली ती बांधावर बसते म्हणून नव्हे, नुसती 'बरं, लाग कामाला' म्हणून. "मी हाका मारत होते की," त्या म्हणाल्या. "ओ आली तुझी, म्हनून पुढं आले."

मी ओ दिलीच नव्हती. मी हाकही ऐकली नव्हती. मला वाटलं, आई माझी लाज राखतायत.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "काय मग, ठेवायची मशीन?" मी ताटात बघत होते. माझ्याआधी आईच म्हणाल्या, "घ्या. चांगली आहे. पोरीचे कष्ट वाचतात. मी आता नाही जात गवतात." एवढ्या सहज म्हणाल्या, की त्याला काहीच कळलं नाही. ज्या बाईनं पन्नास वर्षं ते गवत कापलं, तिला माझ्यामुळे बांधावर बसावं लागणार होतं, आणि तेही तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, "नको. माझा खांदा दुखतो." तो हसला, म्हणाला, "पालीला घाबरणारी बाई तू, मशीन काय चालवणार? मग आता कात्रीनं कापू या का?" मी म्हटलं, हसू दे. खरं सांगितलं असतं तर त्यानं आईंना उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं.

मशीन परत द्यायला गेले तेव्हा दुकानदाराला एकच गोष्ट विचारली. "चालू असताना गवतातल्या माणसाची हाक ऐकू येईल, अशी काही आहे का?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी गाणारी म्हैस मागितली. बॅटरीवरची एक दाखवली, आवाज कमी होता. मी ती चालू करून हातात धरली आणि त्याच्या नोकराला रस्त्यापलीकडून हाक मारायला लावली. नाही ऐकू आली. लोक बघत होते, बघू देत. शेवटी त्यानं मागच्या खोलीतून एक लांब दांड्याचा विळा काढला. उभं राहून, दोन्ही हातांनी धरून, कंबरेतून वळत मारायचा. इंजिन नाही, पेट्रोल नाही, आणि किंमत मशीनच्या पासंगालाही पुरत नव्हती. "हा कोणी घेत नाही, ताई," तो म्हणाला. मी घेतला. उभी राहिले तर मला लांबपर्यंत दिसेल आणि सगळं ऐकू येईल. त्या रात्री, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मला नीट झोप लागली.

आठवडाभर मी तो चालवायला घराच्या मागे रानगवतावर शिकले. मग एका सकाळी आईंना म्हटलं, "चला." त्यांनी आधी विळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पदर खोचून निघाल्या. किती खूश झाल्या होत्या त्या, मला सांगता येणार नाही.

मी या टोकाला, त्या त्या टोकाला. विळ्याचा नुसता सर्र सर्र आवाज. दर पाच-सहा फटक्यांनी मी थांबत होते, कान देत होते. थोड्या वेळानं हाक मारली, "आईऽ." ओ नाही. पुन्हा मारली, जोरात. ओ नाही. विळा तिथेच टाकला आणि धावले. साप चावला, भोवळ आली, काय काय डोळ्यांसमोर आलं. गवत दोन्ही हातांनी बाजूला करत गेले, तर आई समोरच होत्या. परतीच्या पट्ट्यावर पाठमोऱ्या बसलेल्या, शांतपणे कापत होत्या. मूठ, विळा, मूठ, विळा.

मी चार पावलांवर उभी होते. म्हटलं, "आई." अगदी घरात मारतो तशी हाक. त्या वळल्या नाहीत. आणखी मोठ्यानं म्हटलं. त्यांचा हात चालूच. मग त्यांनी मान वर केली, समोरच्या रिकाम्या गवताकडे बघून हाक मारली, लांब, नेहमीसारखी. क्षणभर थांबल्या. मी ओ न देता ऐकत राहिले. कुठूनही काहीही आलं नव्हतं. त्यांनी मात्र समाधानानं मान डोलावली आणि पुन्हा कापायला लागल्या.

हल्ली टीव्ही इतका मोठा का लागतो, आई बोलणाऱ्याच्या ओठांकडे का बघत राहतात, बेल वाजली की दार मलाच का उघडावं लागतं, आणि त्या दिवशी त्या पात्याच्या इतक्या जवळ कशा आल्या, सगळं मला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्या माझी लाज राखत नव्हत्या. त्यांना खरंच ओ ऐकू आली होती.

खांद्याला हात लावायची मला भीती वाटली. दचकल्या असत्या, आणि हातात धारेचा विळा होता. मी गवतातून लांबून वळसा घातला, हळूहळू, त्यांच्या नजरेच्या समोर येईपर्यंत. मी दिसले तशा त्या थांबल्या.

"अगं, हाक मारायची ना," त्या म्हणाल्या. "अशी गपचूप आलीस. विळा लागला असता एखाद्याला."

"विसरले, आई," मी म्हटलं, आणि त्यांच्या समोर खाली बसले.