बापाक सुरोसोंची सीलबंद रेकॉर्ड

जावा बेटावरच्या आमच्या सालातिगा गावात जुन्या रेकॉर्ड जमवणारे नऊ जण आहोत. त्यातले आठ जण रेकॉर्ड ऐकतात, नववे बापाक सुरोसो. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानाने बापाक म्हणतात, बाईला इबू. पोस्टातून निवृत्त झालेला हा गृहस्थ फक्त सीलबंद रेकॉर्ड घेतो आणि कुणाच्या रेकॉर्डचं प्लास्टिक फाटलेलं दिसलं की सुतकी चेहरा करतो. घरात प्लेअर नाही. उगाच मोह नको, असं ते म्हणतात.

मी शाळामास्तर होतो. मूर्खपणा दिसला की खडू फेकून मारायची सवय अजून गेलेली नाही. पण जावात वयाने मोठ्या माणसासमोर हसून मान डोलवावी लागते, म्हणून मी डोलवत आलो.

त्यांच्या पत्नी इबू वुरिनी लग्नाआधी क्रोंचोंग, म्हणजे तंतुवाद्यांवरची आमच्याकडची जुनी संथ गाणी, गायच्या. एकच रेकॉर्ड निघाली, तीही जेमतेम दोनशे प्रतींची. पुढे सासूबाईंना गाणं खपेना, आणि विषय मिटला. सहा वर्षांपूर्वी एका बंद दुकानाच्या माळ्यावर तिची एक प्रत सापडली, कोरी करकरीत, सीलबंद. सुरोसोंनी ती बातिकच्या कापडात गुंडाळून घरी आणली.

तेव्हा वुरिनीबाईंचा डावा कान गेलेलाच होता आणि उजवा उतरणीला लागला होता. तोही जायच्या आत स्वतःचं गाणं एकदा ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा. पण सरळ मागतील तर त्या आमच्यातल्या कसल्या? दुसऱ्या बाजूला कोणतं गाणं होतं ते विसरलेच बाई मी, असं त्या म्हणाल्या. सुरोसोंनी चष्मा लावला आणि पाठीमागची यादी मोठ्याने वाचून दाखवली.

मग रेकॉर्ड पश्चिमेच्या खिडकीपाशी काचेच्या कपाटात बसली. मी एकदा धीर करून म्हटलं की उघडा आता. ते म्हणाले, "मास्तर, आतला आवाज एकदाही वापरलेला नाही. असा आवाज जगात कुणाकडे आहे सांगा." मग त्यांनी आमच्यातल्या बाकीच्या सात जणांचंही मत घेतलं. प्रत्येकाने सांगितलं की उघडलेली बरी, आणि न उघडलेलीही बरीच. त्यात सहा वर्षं गेली.

यंदा माझं लक्ष गेलं तर कव्हरचा कोपरा वाकलेला. जुनं प्लास्टिक उन्हाने आवळत जातं, आत रेकॉर्डचा पापड होतो. आता कापलं नाही तर काहीच उरणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. सुरोसो पांढरेफटक पडले. मग म्हणाले, एवढं मोठं कार्य, सलामतान घालायला हवं, म्हणजे दुआ आणि गल्लीला जेवण.

झालं. चटया पसरल्या, पिवळ्या भाताचा डोंगर आला, गल्लीतले चाळीस पुरुष मांडी घालून बसले. मौलवींना प्रसंगच कळेना, शेवटी त्यांनी गृहप्रवेशाची दुआ म्हटली. सुरोसोंनी ब्लेडने प्लास्टिक कापलं. मी माझा प्लेअर लावला.

सुई वर-खाली होत होती, सूर हेलकावत होता, पण एकोणीस वर्षांची मुलगी गात होती आणि काय गात होती! पंचेचाळीस वर्षांच्या संसारात सुरोसोंनी बायकोचं गाणं प्रथमच ऐकलं. ते तोंड उघडं टाकून बसले होते.

आणि बाई कुठे? स्वयंपाकघरात, चाळीस जणांसाठी कोंबडी तळत. मी हाका मारून दमलो, मग आत जाऊन त्यांना हाताला धरून आणलं आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. उजवा कान स्पीकरला लावून त्या संपूर्ण गाणं मान डोलवत ऐकत होत्या. गाणं संपलं तरी मान डोलतच राहिली. मी प्लेअर बंद केल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"संपलं का हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "मला काही ऐकू आलं नाही. वर्ष झालं, या कानानेही येत नाही. तुमच्या ओठांवरून ओळखून उत्तरं देत होते. सांगा ना, कशी गात होते मी?"

आमच्यात चारचौघांत बायकोचं कौतुक करत नाहीत. पाहुणे भाताकडे बघू लागले. सुरोसो जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"मान वर करून बोला," त्या म्हणाल्या.

सुरोसोंनी मान वर केली आणि ते बोलू लागले. ओठ इतके थरथरत होते की बाईंना त्यांवरचा एक शब्दही वाचता येईना.