भेंडीची वेणी

भामामावशीने माझ्यावर कधी राग धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या खाल्ल्या असत्या, दोन दिवस रडले असते आणि मोकळी झाले असते. पण तिने तेवढंही केलं नाही.

तिच्या लेकीला जिथे पुरलं होतं, तिथे उगवलेलं झाड मी तोडायला लावलं. मला ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. पण विचारायचीही तसदी घेतली नाही, हेही तितकंच खरं. म्हणून आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी माझी कीव करायला नको.

पनवेलहून शिरढोणकडे जाताना उजव्या हाताला, खाडीच्या अंगाला आमची वाडी होती. आजोबांनी तेलाच्या घाण्यावर मिळवलं ते सगळं त्या जमिनीत घातलं. माझे वडील, इझिकेल, मुंबईला पोस्टात नोकरीला. आई जोकबेद, मी आणि वीस-बावीस आंब्या-फणसाची झाडं, एवढा आमचा पसारा. तो सांभाळायची भामामावशी. कागदावर मालक आम्ही, पण विहिरीत पाणी किती, कोणत्या आंब्याला मोहोर लागला, कोणती म्हैस पाय आखडून चालते, हे सगळं तिच्या डोक्यात. बुटकी, काळीसावळी, कासोटा घट्ट मारलेली आगरीण. माझ्या हातात झाडू पाहिला की म्हणायची, "दिनाबाय, तू झाडू नको. तू झाडलंस की मला पुन्ना झाडायला लागतं."

माघ-फाल्गुनात तिला बोलायलाही फुरसत नसायची. पहाटे इतकं धुकं की कर्नाळ्याचा सुळका कोणी पुसून टाकलाय असं वाटे, आणि दहा वाजता ऊन डोक्यावर. दुपारी खाडीवरून वारा सुटला की सगळा पाचोळा अंगणात. त्यात वाल उपटायचा, वाळवायचा, झोडायचा, कुंपण बांधायचं, शेणी थापायच्या, आणि सगळ्यात मोठं काम राबाचं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, झाडांच्या पानाळ फांद्या, गवत असे थर द्यायचे, वर माती भुरभुरवायची आणि फाल्गुनात ते पेटवायचं. जमीन भाजली की तण मरतं, रोप जोमात येतं. त्या फांद्यांना टहाळ म्हणतात. टहाळ तोडण्याआधी भामामावशी जी झाडं राखायची, त्यांच्या बुंध्याला पेंढ्याची वेणी बांधायची. वेणी दिसली की कोयता लावायचा नाही, हे आजूबाजूच्या चार गावांत कोणालाही समजे.

आंब्यांना वेणी, फणसांना वेणी. आणि राबाच्या बांधावर एक भेंडीचं झाड होतं, त्याला वेणी. भाजीची भेंडी नव्हे. खाडीकाठी वाढते ती, सकाळी पिवळी आणि संध्याकाळी तांबडी होणाऱ्या फुलांची. भेंडी कोणी राखत नाही. एकदा मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "असेल काही तिचं," आणि कणीक मळत राहिली.

तिचं काय होतं ते आई-बाबांना माहीत होतं. सत्तेचाळीसच्या माघात भामामावशीची मुलगी तापाने गेली. पाच महिन्यांची. दात न आलेल्या लेकराला त्यांच्यात अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. बाबांना विचारून तिने मुलीला आमच्या बांधावर ठेवलं, म्हणजे येताजाता नजरेत राहील. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून तिच्या नवऱ्याने, रामूने, वर दगड रचले, बाभळीचे काटे टाकले आणि भोवती भेंडीचे खुंट ठोकले. पावसात त्यातल्या एका खुंटाला पान फुटलं. मी तेव्हा आठ वर्षांची, मुंबईला आईच्या बहिणीकडे राहून शाळेत. मला कोणी काही सांगितलं नाही. पोरीसोरींना असलं सांगायची पद्धतच नव्हती.

पंचावन्न साली रामू श्रावणात गेला. टहाळ तोडायला दरवर्षी तोच असायचा, म्हणून त्या माघात पहिल्यांदा बाहेरची माणसं बोलवावी लागली. तुळशीराम नावाचा मुकादम ठरला. त्याला भामामावशीने माझ्यासमोर दोनदा बजावलं, "वेणी आसंल त्या झाडाला हात लावायचा नाय." त्याने दोनदा मान हलवली. भेंडीला तर तिने त्या वर्षी दुहेरी वेणी बांधली होती.

माझं शिक्षण संपवून मी नुकतीच घरी आले होते. सतरा वर्षांची, आणि जगातलं सगळं कळतं असा माझा समज. त्या वर्षी आम्हा ज्यूंचा पेसाह लवकर येत होता. बिनखमिराच्या भाकरीचा हा सण यायच्या आधी घर कोपऱ्याकोपऱ्यातून साफ करायचं, भिंतींना चुना द्यायचा, जुनं पीठ, जुनं धान्य काढून टाकायचं. आईने घर घेतलं, मी बाहेरचं घेतलं. भिंती झाल्या, गोठा झाला, तरी चुना उरला. मग मला सुचलं की झाडांच्या बुंध्यांनाही चुना द्यावा. वाळवी लागत नाही आणि वाडी कशी टापटीप दिसते! बुंध्यांवर ते कुजकट पेंढ्याचे गुंडाळे होते. सण तोंडावर आलाय आणि हा कचरा झाडांना बांधून ठेवायचा? शुक्रवारी दुपारी मी एकेक वेणी कापली, ढीग करून म्हशीपुढे टाकला आणि बुंधे पांढरेशुभ्र केले. पेसाहला झाडाचा पेंढा उतरवा, असं कोणत्याही धर्मात लिहिलेलं नाही. तो शहाणपणा माझा एकटीचा.

वेणी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं का? होतं. तुळशीरामला बजावलेलं मी याच कानांनी ऐकलं होतं. पण तो तर सोमवारी येणार होता, रविवारी मावशी आली की पुन्हा बांधील, असं मनाशी म्हटलं आणि विसरून गेले.

भामामावशी शुक्रवारी सकाळीच शिरढोणला माहेरी गेली होती. शनिवारी आमचा शब्बाथ, वाडीत कोयता उचलायचा नाही की चूल पेटवायची नाही, म्हणून तीही तो दिवस माहेरी काढायची. तुळशीराम सोमवारऐवजी रविवारी उजाडतानाच सहा गडी घेऊन हजर झाला. त्या साली जंगलखात्याने डोंगरातलं टहाळ तोडणं बंद केलं होतं, सगळ्यांनाच कमी पडत होतं, म्हणून तो घाईत होता. आई आत भांडी घासून काढत होती. मी विहिरीच्या कठड्याला चुना देत होते.

"बाय, वेनी तर कशालाच नाय दिसत."

"आंबे-फणस सोडा. बाकीचं घ्या."

थोड्या वेळाने तो परत आला. "बांधावरची भेंडी राबावर सावली पाडते. मुळासकट काढू का?"

कठड्याच्या कोपऱ्यात चुना नीट बसत नव्हता. मी मान वर न करता म्हटलं, "काढा."

एवढंच. एक शब्द. सकाळभर वाडीत कुऱ्हाडी वाजत होत्या, त्यातली भेंडीवरची कोणती, ते मला ऐकूही आलं नाही.

नऊच्या सुमारास भामामावशी आली. डोक्यावर वालाच्या शेंगांचं गाठोडं होतं. फाटकातच थांबून तिने पांढऱ्या बुंध्यांकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "दिनाबाय, झाडांना धोतरं नेसवलीस काय गं?" मग तिची नजर बांधाकडे गेली. जिथून कधी खाडी दिसत नव्हती, तिथून पाणी दिसत होतं.

गाठोडं कुठे पडलं ते तिला कळलं नाही. ती धावत गेली, मी तिच्या मागे. बांधात गुडघाभर खड्डा होता, बुंधा बाजूला आडवा पडला होता. ती खड्ड्यात उतरली, खाली बसली आणि दोन्ही तळव्यांनी तळाची माती चाचपू लागली. किती वेळ चाचपत होती. शेवटी म्हणाली, "कुदळ खाली नाय गेली. माती हालली नाय." मग वर न बघता विचारलं, "कोनी सांगितलं काढायला?"

तुळशीराम माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "मी."

ती पुन्हा माती चाचपू लागली. तोवर आम्हाला धावताना पाहून आई आली होती. तिने खड्डा पाहिला आणि मला दंडाला धरून बाजूला नेलं. झाडाखाली काय आहे ते तिने मला तेव्हा सांगितलं, नऊ वर्षं उशिरा. मला मारलं असतं तर चाललं असतं. ती नुसती म्हणाली, "मीच तुला आधी सांगायला हवं होतं," आणि रडायला लागली. त्या बाईच्या पोरीच्या डोक्यावरचं छप्पर मी काढून टाकलं, एवढंच मला कळत होतं.

भामामावशीने हातांनी खड्डा बुजवला. फावडं घेऊ दिलं नाही. मग ती राबाकडे वळली आणि तिथे मात्र तिचा धीर सुटला. भेंडीची सगळी पानं-फांद्या बाकीच्या टहाळात मिसळून राबावर पसरल्या होत्या, अर्ध्यावर मातीही पडली होती. "तिला दात नवते आले," ती म्हणाली. "आमच्यात आग देत नाय. आनि आता ही जळनार."

ती राबात बसून भेंडीची एकेक फांदी उपसू लागली. ऐनाची बाजूला, किंजळीची बाजूला, भेंडीची वेगळी. मीही बसले. ती मला म्हणाली, "पान बघून उचल, बाय. विड्याच्या पानावानी दिसतं, ते आपलं." आपलं म्हणाली ती. ऊन तापलं, वारा सुटला, उचललेली पानं पुन्हा राबभर उडाली, आम्ही पुन्हा वेचली. आईही येऊन बसली. दिवस कलताना सगळी भेंडी खाडीवर नेली आणि ओहोटीच्या पाण्यात सोडली. घरी येताना भामामावशीने मला सांगितलं, "तुजा काय दोस नाय. रामू असता तर झालं नसतं." मेलेल्या नवऱ्यावर घातलं, पण माझ्यावर नाही.

फाल्गुनात राब पेटवला तो तिनेच, दरवर्षीसारखा, वाऱ्याच्या उलट बाजूने. धूर डोळ्यांत जात होता तरी हलली नाही. दोन-चार पानं राहिलीच असणार. सगळी पानं कोणाला वेचता येतात?

त्या राबाचं रोप तिने आषाढात लावलं, बेणलं, कापलं, झोडलं. दिवाळीला नव्या तांदळाचा पहिला भात आमच्या घरी शिजला. मी तिला वाढायला गेले तर तिने पान झाकलं. पोटात बरं नाही म्हणाली. महिनाभराने मी तिच्या झोपडीत डोकावले तर ती नाचणीची भाकरी खात होती. आगरी बाईच्या ताटात तांदळाची भाकरी नाही, हे कोणाला सांगून पटणार नाही. मी का ते विचारलं नाही. त्या वर्षीचा तांदूळ संपेपर्यंत तिने एक शीत तोंडात घातलं नाही, आणि मी तोच तांदूळ दोन वेळा जेवत होते, कारण न जेवण्याचं कारण आईला सांगायची मला हिंमत नव्हती.

दर पावसाळ्यात ती त्या जागी भेंडीचा खुंट ठोकायची. एकदा म्हशीने तुडवला, एकदा कुजला, एकदा दोन पानं आली आणि वाळली. मी एकदा म्हटलं, "मावशी, आमच्यात दगड बसवतात, नाव कोरून. बाबांना सांगून आपण बसवू." ती म्हणाली, "नको बाय. दगडाला पान फुटत नाय."

त्रेसष्ट साली बाबांनी इस्रायलला जायचं ठरवलं आणि वाडी विकली. घेणारा पनवेलचा व्यापारी, नाव सांगत नाही. माघातच कागद झाले. शेवटच्या दिवशी मी बांधावर गेले. धुकं नुकतं वर चढलं होतं. झाड नव्हतं, खुंटही नव्हता, पण जमिनीवर पेंढ्याची दुहेरी वेणी गोल करून ठेवली होती, लहान मुलीचे केस गुंफावेत तशी नीट विणलेली. बांधायला काही नव्हतं, तरी माघ आला म्हणून तिने वेणी केली होती. मला राहवलं नाही, मी तिथेच बसून रडले.

भामामावशी मागे येऊन उभी राहिली. आता ती पुरती वाकली होती. सात वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. "एवढं कर, दिनाबाय. नव्या मालकाला सांग, हिकडं खनू नको. माजं तो ऐकनार नाय. तुजं ऐकंल."

मी तशीच तडक गेले. तो विहिरीपाशी उभा राहून दोरीने जागा मोजत होता. मी त्याला सगळं सांगितलं. मुलगी, झाड, वेणी, काही ठेवलं नाही. हात जोडले. बांधाचा एवढा कोपरा तेवढा खणू नका, म्हटलं.

त्याची दोरी विहिरीच्या कठड्याला अडकली होती. ती सोडवता सोडवता, मान वर न करता, तो म्हणाला, "बरं."