मागच्या पायांची नखं

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणतात. मोठाल्या पदव्यांची मंडळीसुद्धा उंदीर हातात धरायची वेळ आली की मामांना हाक मारतात, आणि शोधनिबंध छापताना त्यांना सोयीस्कर विसरतात. याचा राग मला येतो, मामांना येत नाही. मी तिथला साधा मदतनीस, वजनाचे आकडे लिहून घेणारा.

बावीस वर्षं मामांकडे एकाच जातीचे उंदीर आहेत. त्यांच्यात एक एन्झाइम जन्मापासूनच नसतं. पेशीत ज्या प्रथिनाचं काम संपलं त्याला चिठ्ठी चिकटवायची, एवढंच त्या एन्झाइमचं काम. चिठ्ठी लागली की त्या प्रथिनाचे तुकडे होतात. ती लागलीच नाही, तर हल्ल्याचा हुकूम देणारी प्रथिनं साठत जातात आणि राखणीला ठेवलेल्या पांढऱ्या पेशी घरच्यांवरच तुटून पडतात. आधी कातडी, मग फुप्फुसं. उंदीर खाजवून खाजवून रक्तबंबाळ होतो. तो खाजवतो मागच्या पायांनी, म्हणून मामा दर सोमवारी प्रत्येकाची मागच्या पायांची नखं कापतात.

मामांची नात चार वर्षांची. तिचं खाजवणं आणि खंगत जाणं सहा डॉक्टरांना उमगलं नाही, ते ओळखलं मामांनी. आमच्या प्रमुख बाईंच्या मागे लागून त्यांनी तिचं रक्त तपासून घेतलं. निघालं तेच. असली मुलं जगात बोटांवर मोजण्याइतकी. हुशारीचं असलं बक्षीस वैऱ्यालाही मिळू नये.

डॉक्टरांनी पांढऱ्या पेशींना गप्प बसवणारं औषध सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात मी भेटायला गेलो, तर पोरीची कातडी छान निवळली होती. ती पलंगावर बसून पाय पुढे करत होती आणि मामा नखं कापत होते. मामांची लेक चहा घेऊन आली. वर्षभरात तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"बाबा, पायांची काय कापताय?" ती म्हणाली. "ती खाजवते हातांनी."

पायांची दहाही नखं कापून झाली होती, हातांचं एकही नाही.

"सवय," मामा म्हणाले.

मला आधी हसू आलं, मग मामांचे उंदीर आठवले. लेकीचंही हसू मावळलं होतं.

"हेच औषध तुमच्या उंदरांना दिलं होतं ना?"

"दिलं होतं."

"मग?"

"कातडी बरी झाली त्यांची. अशीच."

यात खोटं काही नव्हतं. पण चौथ्या आठवड्यापासून अकरांतल्या नऊ उंदरांना श्वास पुरेना, हे मामांना ठाऊक होतं आणि मलाही. बाईंनी ते डॉक्टरांच्या कानावर घातलं होतं. डॉक्टर म्हणाले, माणूस म्हणजे उंदीर नव्हे, आणि दुसरं द्यायला आमच्याकडे आहे तरी काय? लेकीला त्यांनी 'थोडा धोका असतो' एवढंच सांगितलं. बाकीचं सांगणं मामांवर आलं, आणि ते त्यांच्याच्याने होत नव्हतं. माझ्याच्याने तरी कुठे होत होतं? मी चहा पीत बसलो. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

नात मामांच्या मांडीवर येऊन बसली. मामांनी तिच्या पाठीवर तळवा ठेवला आणि मान जराशी वाकवून थांबले. उंदराचा श्वास बिघडलाय का, हे ते असंच बघतात, फक्त तिथे एक बोट पुरतं. लेकीला वाटलं, लाड चाललेत. तिचा चेहरा पुन्हा सैलावला.

"पुढच्या महिन्यात शाळेत घालू ना हिला?" तिने विचारलं.

मामांनी हात काढला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि सुरू झालंय हे मला कळलं.

"घाल की," ते लेकीला म्हणाले.