मिठाच्या शहरात एक पावसाळा

नवरा गेल्यानंतरचा दुसरा पावसाळा मी पोर्तुगालमधल्या आवेरो नावाच्या शहरात काढला. तिथे माझी मुलगी राहते. विद्यापीठात संशोधन करते. कसलं, ते तिने मला पुष्कळदा सांगितलंय आणि मी दर वेळी मान हलवलीय.

अलिबागजवळ नागावला आमचं होमस्टे आहे. चार खोल्या, मागे नारळी-सुपारीची वाडी. जून लागला की मांडव्याच्या बोटी बंद होतात, पाहुणे यायचे थांबतात आणि घर एकदम मोठं वाटायला लागतं. नवरा गेला त्या वर्षीचा पावसाळा मी त्या घरात एकटीने काढला होता. मुलीचा फोन आला की म्हणायचे, "बरी आहे गं, कामं काय संपतायत होय?" कामं काहीच नव्हती. रिकाम्या खोल्यांच्या चादरी मी काढायचे, धुवायचे आणि पुन्हा त्याच घालायचे. तिला ते कळलं असावं. पुढच्या वर्षी तिने विचारलंच नाही, सरळ तिकीट पाठवलं.

पहिले दोन दिवस तिने रजा घेतली. कालव्यातून फिरवणाऱ्या लांब होडीत बसवलं, पुढच्या टोकावर रंगीत चित्रं काढलेली होडी. घरांच्या भिंतींवर बाहेरच्या बाजूला निळ्या-पांढऱ्या फरशा लावलेल्या असतात, त्यांच्यासमोर उभं करून फोटो काढले. मी पण हसले. आपल्याकडे येणारे पाहुणे हसतात तशी. तिसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभी राहिले.

ते शहर फार शांत. गाडीवाले हॉर्न वाजवत नाहीत, माणसं हळू बोलतात, कुत्रीसुद्धा मालकाच्या पायाशी गप्प बसतात. आमच्याकडे वारा पडला की माडही गप्प होतात, ती शांतता मला ठाऊक होती. तिथली निराळी होती, ती माणसांनी पाळलेली होती. त्यात मला माझ्याच बांगड्यांचा आवाज ऐकू यायचा. संध्याकाळी मुलगी यायची, थकलेली. "कंटाळलीस का गं?" विचारायची. मी म्हणायचे, "छे!" मग आम्ही दोघी भात-आमटी खायचो आणि ती पुन्हा लॅपटॉप उघडायची. रात्री नऊपर्यंत ऊन असायचं. दिवस संपतच नसे.

एका सकाळी मी पाव आणायला खाली गेले. दुकान कोपऱ्यावरच होतं आणि पाव मागायला मला भाषेची गरज नव्हती. तेही पावच म्हणतात, जरा नाकातून. परत आले तर दार बंद. तिथली दारं ओढली की आपोआप लागतात, हे मुलीने बजावलं होतं. चावी आत, फोन आत. अंगावर घरातली साडी, पायात चपला, हातात गरम पाव. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि मला इतकं रडू आलं की नवरा गेला तेव्हाही तितकं आलं नव्हतं.

तळमजल्यावर एक म्हातारी राहायची. काळा झगा, पांढरे केस चापून बसवलेले. आवाज ऐकून ती कठड्याला धरून एकेक पायरी वर आली. काहीतरी विचारलं. मी दाराकडे बोट दाखवून मराठीतच म्हणाले, "चावी! चावी आत राहिली हो."

"शाव्?" ती म्हणाली आणि तिने मुठीत चावी फिरवल्यासारखं केलं.

"व्हय, व्हय! चावी!" घाईत माझ्या तोंडून माहेरची बोली निघाली.

ती हसली. तिने माझ्या हाताला धरून मला उठवलं आणि सरळ कोपऱ्यावरच्या कॅफेत नेऊन बसवलं. मी घरच्या साडीत होते म्हणून अंग चोरून बसले, पण कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. दुपारी तिने मला तिच्या स्वयंपाकघरात नेलं आणि सूप वाढलं. त्यातला तुकडा चमच्यात उचलून ती म्हणाली, "बटाटा." मी म्हणाले, "बटाटा." दोघी इतक्या हसलो की तिला ठसका लागला. भिंतीवर एका माणसाचा फोटो होता, मिशाळ, गंभीर. तिने बोटातली अंगठी दाखवली आणि वर बोट केलं. मी माझ्या मोकळ्या गळ्यावर हात ठेवला. पुढे सांगायची गरज राहिली नाही.

संध्याकाळी मुलगी धावतच आली. दिवसभर फोन उचलला नाही म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मी म्हातारीच्या ओट्याशी उभी राहून भांडी पुसत होते.

"आई! मला वाटलं तुला काय झालं!"

"काय व्हायचंय? जेवले इथेच," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी म्हातारी खालून घंटी वाजवायची आणि आम्ही कॅफेत जायचो. तिथे जाऊन काय करायचं? तर काहीच नाही. मला हे शिकायला वेळ लागला. मी आयुष्यभर चहा ओट्याशी उभी राहून प्यायलेली बाई. तिथे बोटभर कपात कडू कॉफी येते आणि माणसं ती अर्धा तास पुरवतात. मी पहिल्या दिवशी एका घोटात संपवली आणि उठायला लागले, तेव्हा म्हातारीने माझा पदर धरून खाली बसवलं. मग मी बघायला लागले. एक गृहस्थ रोज पेपर घेऊन यायचे आणि न उघडता तसाच परत न्यायचे. दोन बहिणी एकच केक दोघींत खायच्या. येणारा प्रत्येक जण "बों दीया" म्हणायचा, कुणा एकाला नाही, सगळ्या खोलीला. काही दिवसांनी मीही म्हणू लागले. आधी पुटपुटत, मग नीट.

संध्याकाळी ऊन कलल्यावर आम्ही कालव्याच्या कडेने फिरायचो. पर्यटक होड्यांपाशी गर्दी करायचे, म्हातारी त्यांच्याकडे पाहायचीसुद्धा नाही. होमस्टे चालवणारी मी; "इथले लोक कुठे जातात?" असं मला पाहुणे कायम विचारतात. इथले लोक कुठेच जात नाहीत, हे म्हातारीबरोबर चालताना मला कळलं. ते एका बाकावरून उठून दुसऱ्या बाकावर बसतात.

एका रविवारी ती मला नेहमीच्या वाटेपेक्षा पुढे घेऊन गेली. घरं संपली, वारा खारट झाला आणि समोर मिठागरं दिसली. बांध घातलेले पाण्याचे चौकोन, त्यांत आभाळ, आणि काठावर पांढऱ्याशुभ्र मिठाच्या राशी. एक माणूस लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होता.

माझं माहेर उरणकडचं. बाबा मिठागरात राबले, आईही. आम्ही मुलं उन्हाळ्यात त्या बांधांवरच वाढलो. पायाला चिरा पडायच्या आणि त्यांत खारं पाणी जायचं. आता तिथे भराव घातलाय आणि त्यावर कंटेनरचे ढीग उभे आहेत. भाऊ ट्रेलर चालवतात. गेल्या खेपेला माहेरी गेले तर वळण चुकले होते. आणि इथे, सात समुद्रांपलीकडे, बाबांच्यासारखीच कंबर वाकवून एक माणूस मीठ ओढत होता. मी बांधावर बसले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना.

म्हातारी शेजारी बसली. राशीकडे हात करून हळूच म्हणाली, "साल."

मला वाटलं, ती विचारतेय, किती सालं झाली? नवऱ्याला? दुसरं चालू होतं, मी दोन बोटं दाखवली.

तिने माझ्या बोटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. काय समजली कोण जाणे. तिने स्वतःच्या दोन्ही हातांची बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि तिलाही रडू आलं. आम्ही दोघी तशाच बसलो होतो. मीठ ओढणाऱ्या माणसाने एकदा वर पाहिलं आणि पाठ फिरवून कामाला लागला.

रात्री मी मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, साल म्हणजे मीठ गं."

मी म्हणाले, "असू दे."

ऑगस्टमध्ये म्हातारीचा मुलगा फ्रान्सहून आला. त्या देशातली पुष्कळ मुलं बाहेर असतात आणि ऑगस्टमध्ये घरी येतात. आमच्याकडे आखातातली मुलं येतात तशी. या खेपेला तो आईला न्यायलाच आला होता. मुलीने मधे उभं राहून त्याचं बोलणं मला सांगितलं: आईला जिना झेपत नाही, एकटीला ठेवायची भीती वाटते, तिथे घराला बाग आहे. म्हातारी माझ्याकडे बघत होती. मी येताना मुलीसाठी अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ आणली होती, त्यातली अर्धी उरली होती. तीच तोडून तिला दिली, माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. तिने एक कांदा नाकाशी नेला, हुंगला आणि माळ गळ्यात घातली. मुलगा हसला. तो म्हणाला, विमानात नेऊ देणार नाहीत. ती म्हणाली (मुलीने सांगितलं), मग मी विमानात जाणार नाही. पण गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या खिडक्यांच्या झडपा खाली ओढलेल्या होत्या.

मला वाटलं होतं, मी पुन्हा खिडकीत उभी राहीन. पण सकाळी पाय आपोआप कॅफेकडे वळले. "बों दीया" म्हणून नेहमीच्या टेबलाशी बसले. कॅफेवाल्याने न विचारता माझ्यापुढे कॉफी ठेवली. समोरची खुर्ची त्याने हलवली नाही. पेपरवाल्या गृहस्थांनी मान लववली. त्या शहरात मला सगळे ओळखत होते आणि माझ्याशी बोलू शकेल असं कुणीच नव्हतं. मी अर्धा तास कॉफी पुरवली.

निघायच्या आदल्या शनिवारी मुलगी म्हणाली, "आज मी तुझीच. बोल, काय बघायचं राहिलं?"

"चल," म्हटलं, "कॉफी पिऊ."

आम्ही दोघी आत शिरलो तशी दोन बहिणींनी हात केला. कॅफेवाला मुलीकडे पाहून माझ्याविषयी काहीतरी म्हणाला. कॉफी आली तरी मुलीने कपाला हात लावला नाही.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुमच्या आईंना आम्ही ओळखतो, त्यांची मुलगी इथे राहते हे माहीत नव्हतं." तिने बाहेर बोट दाखवलं. "आई, मी चार वर्षं त्या वरच्या घरात राहते. इथे मी आज पहिल्यांदा येतेय. मला या गल्लीत कुणी ओळखत नाही."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. तीन महिने ती मला विचारत होती, कंटाळलीस का. मी एकदाही तिला विचारलं नव्हतं.

"तू मला माझ्यासाठी बोलावलंस की तुझ्यासाठी?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. मग डोळे पुसत म्हणाली, "घरी येताना खिडकीत कुणीतरी उभं असावं, म्हणून."

राहते म्हणावं तर व्हिसा संपत होता, ये म्हणावं तर नागावला ती काय करणार? मी फक्त तिचा हात धरून बसले, आणि ती उठायला लागली तेव्हा पदर धरतात तसा तिचा शर्ट धरून तिला खाली बसवलं. "थांब. संपू दे नीट."

मी परत आले तेव्हा गणपती तोंडावर आले होते. खोल्यांना बुरशी धरलेली, वाडीत झावळ्या पडलेल्या, पाहुण्यांचे फोन सुरू झालेले. मुलगी आता दर शनिवारी त्या कॅफेत जाते. तिथून मला फोन करते, पण फार बोलत नाही. मी तिच्या मागचे आवाज ऐकते, कपबश्यांचे.

आणि मी? मी सोमवारी दुपारी समुद्रावर जाते. पाहुणे गेलेले असतात, घोडे आणि बग्ग्या नसतात. लग्न होऊन इथे आले त्याला पस्तीस वर्षं व्हायला आली, पण मी कधी किनाऱ्यावर बसले नव्हते. गावातलं कुणीच बसत नाही. परवा सरपणाची मोळी घेऊन जाणारी शेजारीण मला पाहून थबकली.

"काय हरवलंय काय गो?"

"न्हाय. बसलंय उगाच."

"बरी हायस ना?"

"व्हय."

तिने डोक्यावरची मोळी सावरली आणि ती सुरूच्या झाडांमधून निघून गेली. ओहोटी लागली होती. वाळू लांबपर्यंत ओली, आणि तिच्यावर कुणाचीच पावलं नव्हती. मी बसून राहिले.